कोंबडी कापलेल्या गवतात काय शोधते?

ऑगस्टचा पहिला पंधरवडा म्हणजे शाळेचे मैदान साफ करण्याचे दिवस. जून-जुलैच्या पावसाने गवत गुडघ्यापर्यंत आलेले असते आणि १५ ऑगस्टला त्याच जागी मुलांच्या रांगा उभ्या करायच्या असतात. यवतमाळ जिल्ह्यातील आर्णी येथे शिक्षकांसाठी प्रयोगांची कार्यशाळा घ्यायला आम्ही गेलो, तेव्हा तेथील एका शाळेत हेच काम चालू होते. एक माणूस पेट्रोलवर चालणाऱ्या यंत्राने गवत कापत होता, कुंपणाच्या कडेला दोन बाया विळ्याने कापत होत्या. यंत्राचा आवाज थांबतो न थांबतो तोच मागच्या वस्तीतल्या दहा-बारा गावरान कोंबड्या मैदानात उतरल्या आणि कापलेल्या पट्ट्यावर तुटून पडल्या.

"बघा, फुकटचा हिरवा चारा! आता अंड्यांचा बलक कसा केशरी होईल," असे एक शिक्षक म्हणाले. कुंपणापलीकडून लगेच एका आजींचा आवाज आला, "कापल्या गवतात कोंबड्या नका येऊ देऊ, गुरुजी. मांगच्या साली माह्या तीन कोंबड्या एका दुपारात गेल्या."

एकाच गवताबद्दल ही दोन मते. हिरवे खाल्ले की अंडे चांगले होते, हे एक. कापलेले गवत कोंबडीला बाधते, हे दुसरे. दोन्ही अनुभवातून आलेली आहेत, त्यामुळे एकाला शहाणपण आणि दुसऱ्याला अंधश्रद्धा म्हणून मोकळे होता येत नाही. कार्यशाळेचे पहिले सत्र आम्ही वर्गाऐवजी त्या मैदानाच्या कडेलाच घेतले. तेथे जे पाहिले आणि त्यामागचे जे विज्ञान आहे, ते येथे मांडत आहोत.

चोच कोठे पडते?

पहिला प्रश्न साधा होता. कोंबडी कापलेल्या गवतावर चोच मारते म्हणजे ती गवतच खाते का? आम्ही प्रत्येकी एक कोंबडी निवडली आणि पाच मिनिटे तिच्यावरची नजर हलवली नाही. थोड्याच वेळात एक गोष्ट सगळ्यांच्या लक्षात आली. कोंबडी पायाने कापलेले गवत मागे उकरते, एक पाऊल मागे सरकते, मान वाकडी करून उघड्या पडलेल्या जमिनीकडे पाहते आणि मग चोच मारते. चोचीत बहुतेक वेळा नाकतोडा, किड्याची अळी, मुंगी किंवा गवताचे बी असते. गवताची पाती ती मधूनमधून खुडते आणि तीही कोवळ्या शेंड्याची.

उंच गवतात हजारो कीटक राहतात. पात्यांचा आडोसा, सावली आणि ओलावा त्यांना हवा असतो. गवत कापले की त्यांच्या घराचे छप्परच उडते आणि ते सैरावैरा धावू लागतात. हलणारी वस्तू पक्ष्याच्या नजरेस चटकन पडते. शेतात वखर चालू असताना मागे साळुंक्या आणि कोतवाल का जमतात, चरणाऱ्या म्हशीच्या पायाशी गायबगळा का चालतो, याचे उत्तर हेच आहे. गुरांबरोबर चालणाऱ्या गायबगळ्याला एकट्याने फिरणाऱ्या बगळ्यापेक्षा कमी श्रमात जास्त भक्ष्य मिळते, हे पक्षिशास्त्रज्ञांनी मोजून दाखवले आहे. आमच्या मैदानावर म्हशीचे काम यंत्राने केले होते, इतकेच.

ही कोंबडीची सवय फार जुनी आहे. आपल्या पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज म्हणजे तांबडा रानकोंबडा. जंगलाच्या कडेला पालापाचोळा उकरत फिरणे हाच त्याचा दिवसभराचा उद्योग. पोटभर दाणे समोर ठेवले तरी कोंबडी जमीन उकरायची थांबत नाही, ती याच वारशामुळे.

या किड्यांचे मोल किती? कीटकांच्या कोरड्या वजनात साधारण निम्मा भाग प्रथिनांचा असतो. आपल्याकडे घरच्या कोंबड्यांना ज्वारीचे किडके दाणे किंवा तांदळाची कणी टाकतात. ज्वारीत लायसीन नावाचे आवश्यक अमिनो आम्ल कमी असते. ते कोंबडीच्या शरीरात तयार होत नाही, ते अन्नातूनच यावे लागते. ही उणीव नाकतोडे आणि अळ्या भरून काढतात. म्हणजे मैदानात मिळणारा खरा खुराक बराचसा हिरव्या रंगाचा नसतोच.

गाय आणि कोंबडी

एका शिक्षिकेने विचारले, "गाय नुसत्या गवतावर जगते, तर कोंबडी का नाही?" याचे उत्तर पोटाच्या रचनेत आहे.

गवताच्या पात्याचा सांगाडा सेल्युलोजचा बनलेला असतो. सेल्युलोज तोडणारे विकर गाईकडेही नाही आणि कोंबडीकडेही नाही. परंतु गाईच्या कोठीपोटात कोट्यवधी सूक्ष्मजीव राहतात आणि हे काम तिच्यासाठी करतात. गवत तेथे दिवस-दोन दिवस मुरते, रवंथ होऊन पुन्हा पुन्हा बारीक होते. कोंबडीकडे एवढा वेळ नाही. तिने खाल्लेल्या अन्नाचा पहिला भाग तीन-चार तासांतच विष्ठेतून बाहेर पडू लागतो. तिच्या आतड्याच्या शेवटी दोन आंधळ्या नळ्या असतात, त्यांना अंधनाल म्हणतात. तेथे थोडेफार सूक्ष्मजीव असतात, पण त्यांचे काम अगदीच मर्यादित.

आता थोडे अंकगणित करू. दीड किलो वजनाच्या कोंबडीला दिवसाला सुमारे ८० ग्रॅम कोरडे खाद्य लागते असे धरू. ताज्या कोवळ्या गवतात १०० ग्रॅमपैकी सुमारे ८० ग्रॅम पाणीच असते, कोरडा भाग २० ग्रॅम. म्हणजे ८० ग्रॅम कोरडा भाग मिळवायला ४०० ग्रॅम गवत खावे लागेल. हे तिच्या वजनाच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक झाले. पन्नास किलो वजनाच्या माणसाने रोज तेरा किलो पालेभाजी खाण्यासारखेच हे आहे. शिवाय त्यातला बराच भाग तिला पचणारच नाही. तेव्हा "कोंबड्या मैदानात सोडल्या, आता दाणे टाकायला नकोत" हा हिशेब चुकीचा आहे. गवताने कोंबडीचे पोट भरत नाही.

मग हिरव्याचा उपयोग काय?

पोट भरत नसले तरी गवताचा उपयोग नाही असे मात्र नाही. याची एक सुंदर गोष्ट विज्ञानाच्या इतिहासात आहे, आणि तिची नायिका कोंबडीच आहे.

१९२९ साली डेन्मार्कमधील कोपनहेगन येथे हेन्रिक डाम हे शास्त्रज्ञ कोलेस्टेरॉलचा अभ्यास करीत होते. त्यासाठी त्यांनी कोंबडीच्या पिल्लांना स्निग्ध पदार्थ काढून टाकलेले खाद्य दिले. काही आठवड्यांनी पिल्लांना कातडीखाली आणि स्नायूंत रक्तस्राव होऊ लागला. त्यांचे रक्त गोठायला फार वेळ लागत होता. तोपर्यंत माहीत असलेली जीवनसत्त्वे देऊन पाहिली, उपयोग झाला नाही. पुढे असे आढळले की हिरव्या पानांत आणि डुकराच्या यकृतात असा काही घटक आहे की जो दिल्यावर हा रक्तस्राव थांबतो. रक्त गोठण्याला डॅनिश आणि जर्मन भाषांत जो शब्द आहे, त्याच्या पहिल्या अक्षरावरून डाम यांनी त्याला 'के' जीवनसत्त्व असे नाव दिले. १९४३ सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक डाम आणि अमेरिकेतील एडवर्ड डोइझी यांना याच कामासाठी मिळाले. हे जीवनसत्त्व पानातील हरितकणांत असते आणि त्याची गरज अत्यल्प असते. कोंबडीने खुडलेले चार शेंडे पोटासाठी काहीच नसतील, पण अशा घटकांसाठी ते पुष्कळ आहेत.

हीच गोष्ट बलकाच्या रंगाची. बलकाचा पिवळा-केशरी रंग प्रामुख्याने ल्युटीन आणि झियाझँथिन या रंगद्रव्यांमुळे येतो. कोंबडी ती स्वतः तयार करू शकत नाही. ती हिरव्या पानांत असतात, पण हरितद्रव्याच्या गर्द हिरव्या रंगाखाली झाकलेली असतात. पिवळ्या मक्यातही ती असतात. पांढऱ्या ज्वारीत आणि तांदळात फारच कमी. म्हणून नुसत्या ज्वारीवर कोंडून ठेवलेल्या कोंबडीचा बलक फिका आणि मोकळ्या फिरणाऱ्या कोंबडीचा गडद. बलक शेवटच्या आठ-दहा दिवसांत थरावर थर चढून वेगाने वाढतो. त्यामुळे आज हिरवे घातले तर उद्याच्या अंड्यात फरक दिसत नाही. तो तीन-चार दिवसांनी दिसू लागतो आणि साधारण दहा-बारा दिवसांत पूर्ण होतो.

येथे एक सावधगिरीची सूचना. गडद बलक म्हणजे पौष्टिक अंडे असे समीकरण मांडू नये. मोठ्या कुक्कुटपालनात खाद्यात झेंडूच्या फुलांचा अर्क मिसळूनही बलक हवा तसा पिवळा करता येतो. दसऱ्याला तोरणात बांधतो तोच झेंडू. मात्र खरोखर गवतावर फिरणाऱ्या कोंबड्यांच्या अंड्यांत काही वास्तव फरकही आढळतात. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कुरणावर सोडलेल्या कोंबड्यांच्या अंड्यांत, पिंजऱ्यातील कोंबड्यांच्या अंड्यांच्या तुलनेत, 'ई' जीवनसत्त्व सुमारे दुप्पट आणि ओमेगा-३ स्निग्धाम्ले अडीच पट आढळली. हिरव्या पानात स्निग्धांश थोडाच असतो, परंतु त्यात ओमेगा-३ गटातील लिनोलेनिक आम्लाचा वाटा मोठा असतो. ते पानातून कोंबडीत आणि कोंबडीतून बलकात जाते.

रंगाचा आणखी एक खेळ कोंबडीच्या पायांवर पाहता येतो. पिवळ्या पायांच्या कोंबडीने अंडी घालायला सुरुवात केली की तिचे पाय हळूहळू फिके पडतात, कारण रंगद्रव्य बलकाकडे वळते. हा पिवळा पाय कोठून आला, याचा शोध २००८ मध्ये स्वीडनमधील उप्साला विद्यापीठातील संशोधकांनी घेतला. कातडीत रंगद्रव्य साठू देणारा जनुकाचा प्रकार तांबड्या रानकोंबड्याकडून आलेला नसून करड्या रानकोंबड्याकडून आलेला आहे, असे त्यांना आढळले. हा करडा रानकोंबडा म्हणजे आपल्या सह्याद्रीत आरवणारा पक्षी!

उभे गवत आणि पडलेले गवत

आता आजींच्या मताकडे वळू. कापलेले गवत कोंबडीला बाधू शकते का? हो, बाधू शकते, आणि त्याचे एक कारण भौतिकशास्त्राच्या तासाला सांगण्यासारखे आहे.

उभ्या गवताला मुळांचा आधार असतो. कोंबडी पाते चोचीत धरून मान झटकते, मूळ विरुद्ध दिशेला ओढून धरते, आणि पाते मध्ये तुटते. त्यामुळे तिच्या वाट्याला आपोआपच लहान तुकडा येतो. कापून पडलेल्या पात्याला असा आधार नाही. कोंबडीने एक टोक धरून ओढले की आख्खे पातेच चोचीत येते. तिला दात नाहीत, पायाखाली धरून फाडायची सवय तिला फारशी नाही. वीतभर लांबीचे पाते ती तसेच गिळते.

गिळलेले अन्न आधी गळ्याखालच्या एका पिशवीत, म्हणजे अन्नपुटात, साठते. तेथून ते जठरात आणि मग पेषणीत जाते. पेषणी म्हणजे जाड स्नायूंचे जातेच. कोंबडीने गिळलेले बारीक खडे त्यात असतात आणि त्यांच्यामध्ये अन्न भरडले जाते. लांब, चिवट पाती मात्र जात्यापर्यंत पोचतच नाहीत. अन्नपुटात त्यांचा दोरखंडासारखा गुंता होतो, त्यात दाणे अडकतात आणि पिशवी गच्च होते. कोंबडी खाणे सोडते, रोडावते आणि काही दिवसांनी दगावू शकते. फुलोऱ्यावर आलेल्या जून गवतात हा धोका अधिक.

म्हणून यंत्राने बारीक भुगा केलेले गवत आणि विळ्याने कापलेले लांब गवत यांत कोंबडीच्या दृष्टीने मोठा फरक आहे. मैदानात उरलेल्या खुंटांवर आणि बारीक तुकड्यांवर कोंबड्या खुशाल फिरू द्याव्यात. लांब गवताच्या पेंढ्या गुरांसाठी उचलून न्याव्यात. खुराड्यात गवत टाकायचेच असेल तर बोटाच्या पेराएवढे बारीक चिरून, आणि सोबत थोडी जाड वाळू ठेवून. कोंबडीचे अन्नपुट ठीक आहे की नाही हे पाहणे सोपे आहे. सकाळी खुराडे उघडण्यापूर्वी गळ्याखाली हात लावून पाहावे. रात्रभरात ते रिकामे व्हायला हवे. सकाळीही कणकेच्या गोळ्यासारखे घट्ट लागले तर काहीतरी बिघडले आहे.

ताजे आणि शिळे

गवत कापल्याबरोबर जो हिरवा वास सुटतो, तो सगळ्यांना आवडतो. पाते कापले की पेशी फुटतात आणि एरवी वेगवेगळ्या ठिकाणी असलेले पदार्थ एकत्र येतात. पानातील विकरे लिनोलेनिक आम्लाचे तुकडे करतात आणि त्यातून हवेत उडणारी संयुगे तयार होतात. तो वास त्यांचा. म्हणजे ज्या ओमेगा-३ स्निग्धाम्लाचा उल्लेख वर केला, त्याचाच थोडा भाग वासाच्या रूपाने उडून जात असतो.

हेच गवत ढीग करून ठेवले तर दुसऱ्या दिवशी ढिगात हात घालून पाहा, गरम लागेल. कापलेल्या पानांचा श्वसनव्यापार काही काळ चालूच राहतो आणि लवकरच जिवाणू व बुरशी त्यात सामील होतात. उष्णता बाहेर जायला वाट नसल्याने मोठ्या ढिगाच्या पोटात तापमान ५० ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत चढू शकते. अशा उबदार ओल्या पाल्यात अस्परजिलस जातीच्या बुरशी जोमाने वाढतात. त्यांचे बीजाणू श्वासावाटे गेले तर लहान पिल्लांना फुफ्फुसाचा घातक आजार होतो. म्हणून नियम सोपा आहे. कापल्या दिवशीचे, पातळ पसरलेले गवत चालेल. ढिगातले, गरम लागणारे, कुबट वासाचे गवत नको. ते उकिरड्यावर टाकावे, त्याचे खत चांगले होते.

कापलेल्या मैदानाचा एक फायदाही सांगायला हवा. कोंबड्यांच्या रक्ती हगवणीला कारण होणाऱ्या कॉक्सिडिया या परजीवीला आणि जंतांच्या अंड्यांना ओलसर सावली मानवते. गवत आखूड झाले की ऊन जमिनीपर्यंत पोचते, जमीन सुकते आणि त्यांची वाढ खुंटते. मात्र आडोसाही जातो, आणि शिक्रा किंवा घार पिल्लांवर झडप घालू शकते. त्यामुळे कडेला एखादे झुडूप किंवा टोपल्याचा आसरा असावा.

गवत आले कोठून?

दुपारी आम्ही आजींना पुन्हा गाठले आणि विचारले, "आजी, मागच्या वर्षी ते गवत कुठून आणलं होतं?"

"वावरातल्या धुऱ्यावरचं. बकरीसाठी आणलं होतं, कोंबड्यायनं आधी तोंड घातलं. शेजारच्या पऱ्हाटीवर आदल्या दिशी फवारा मारला होता."

"आणि त्या कोंबड्यांचं काय केलंत?"

"दोन गाडल्या. तिसरी तडफडत होती, तिले कापलं अन् शिजवलं."

या उत्तराने आमचे सत्र वेगळ्याच ठिकाणी येऊन पोचले. आर्णी हा कपाशी, सोयाबीन आणि तुरीचा तालुका. गवत कापण्याचे दिवस आणि कपाशीवर फवारणीचे दिवस येथे एकच असतात. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात काय घडले हे कोणीच विसरलेले नाही. त्या वर्षी कपाशी डोक्याएवढी वाढली होती. फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर मरण पावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्यानंतर शासनाने मोनोक्रोटोफॉससह काही कीटकनाशकांच्या विक्रीवर या भागात तात्पुरती बंदी घातली होती.

मोनोक्रोटोफॉस हे ऑर्गेनोफॉस्फरस गटातील कीटकनाशक. या गटाचे काम कसे चालते? मज्जातंतूकडून स्नायूला निरोप पोचवण्यासाठी ॲसिटिलकोलिन नावाचा पदार्थ स्रवतो. निरोप पोचला की एक विकर त्याचे लगेच विघटन करते आणि स्नायू सैल पडतो. हे विष त्या विकरालाच निकामी करते. निरोप पुसलाच जात नाही. लाळ गळते, स्नायू थरथरतात, पाय लुळे पडतात आणि शेवटी श्वसनाचे स्नायू थकून श्वास थांबतो. किडा, कोंबडी आणि माणूस या तिघांतही हे विष याच विकराला निकामी करते.

पक्ष्यांच्या बाबतीत ही विषे अधिकच घातक ठरतात, कारण त्यांना निष्प्रभ करणारी विकरे पक्ष्यांच्या रक्तात सस्तन प्राण्यांपेक्षा खूपच कमी असतात. मोनोक्रोटोफॉसची वजनाच्या दर किलोमागे काही मिलिग्रॅम मात्रा पक्ष्याला मारायला पुरते. १९९५-९६ मध्ये अर्जेंटिनाच्या गवताळ प्रदेशात हे जगासमोर आले. उत्तर अमेरिकेतून हिवाळ्यात तेथे येणारे स्वेन्सन्स हॉक नावाचे शिकारी पक्षी शेतांत हजारोंनी मरून पडलेले आढळले. एकूण बळी सुमारे २०,००० असावेत असा अंदाज होता. नाकतोडे मारण्यासाठी तेथे मोनोक्रोटोफॉस फवारले होते आणि हे पक्षी नाकतोड्यांवर जगत होते. फवारणीने मंदावलेला नाकतोडा पकडायला अधिक सोपा, म्हणून तो आधी खाल्ला जातो. कोंबडी गवतात नेमके हेच करते. तिचा जो गुण आपण सुरुवातीला पाहिला, तोच फवारलेल्या धुऱ्यावर तिचा घात करतो.

तीन कोंबड्यांचा तपास

आजींच्या कोंबड्या कशाने गेल्या असाव्यात? शिक्षकांनी फळ्यावर चार संशयित लिहिले आणि एकेकाची झडती घेतली.

अन्नपुट गच्च होणे? ते एखाद्या कोंबडीला होते आणि दिवस घेते. तीन कोंबड्या एका दुपारात जाणार नाहीत. बुरशी? ती पिल्लांना ग्रासते, धाप लागते, तिलाही दिवस लागतात, आणि गवत तर ताजे होते. मानमोडी, म्हणजे राणीखेत? तो विषाणूजन्य रोग आहे. तो पसरत जातो, वस्तीतल्या इतर घरच्या कोंबड्याही पुढच्या काही दिवसांत आजारी पडल्या असत्या. तसे झाले नव्हते. उरले विष. एकाच वेळी खाणाऱ्या, एकाच वेळी तडफडणाऱ्या तीन कोंबड्या आणि आदल्या दिवशीची फवारणी. सगळा पुरावा तिकडेच बोट दाखवत होता.

म्हणजे आजींचे निरीक्षण बरोबर होते, निष्कर्षाला मात्र थोडी दुरुस्ती हवी होती. गवत कापलेले होते यापेक्षा ते फवाऱ्याच्या टप्प्यातले होते, हे महत्त्वाचे. शिक्षकांचेही बरोबर होते, फक्त हिरव्या पानाबरोबर किड्यांना श्रेय द्यायला हवे होते.

आणि तिसऱ्या कोंबडीबद्दल स्पष्टच बोलायला हवे. विष खाऊन तडफडणारी कोंबडी कापून खाऊ नये. तिच्या अन्नपुटात आणि आतड्यात ते विष तसेच असू शकते, आणि शिजवल्याने ते नाहीसे होईलच असे नाही. अशी कोंबडी कुत्र्यामांजरांनाही घालू नये, खोल पुरावी. शक्य असेल तर एक मृत कोंबडी पिशवीत बांधून, उघड्या हाताने न हाताळता, पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावी. अन्नपुटातील अन्नाची तपासणी झाली तर कारण कळते.

फवारणीच्या हंगामात कपाशीलगतच्या धुऱ्याचे गवत कोंबड्यांना घालू नये. वाऱ्याने तुषार शेजारच्या शेतापर्यंत जातात. ज्या ठिकाणी पंप भरतात आणि धुतात, त्या विहिरीच्या किंवा नाल्याच्या काठचे गवत सर्वांत धोक्याचे. पेरणीच्या दिवसांत सांडलेले रंगीत बियाणेही कोंबड्यांपासून दूर ठेवावे. तो रंग कीटकनाशकाचा किंवा बुरशीनाशकाचा थर चढवल्याची खूण असतो. काही ठिकाणी मैदान साफ करायला तणनाशक मारतात. मैदानात कोंबड्या येत असतील तर ते कापूनच साफ करावे.

ज्वारीचे कोवळे धांडे आणि बरू यांचा पालाही टाळावा. त्यांच्या कोवळ्या पानांत असलेला एक पदार्थ पान चिरडताच विघटित होऊन हायड्रोजन सायनाइड मोकळे होते. कोवळी ज्वारी खाऊन गुरे दगावतात, ती यामुळेच.

शाळेत करून पाहण्यासारखे

एक. गवत कापण्यापूर्वी आणि कापल्यावर लगेच, एक मीटर लांब-रुंद चौकोनात पांढरे कापड पसरून त्यावर पाच मिनिटांत किती कीटक येतात ते मोजा. कोंबडीच्या पाच मिनिटांतील चोचींची संख्याही मोजा आणि किती वेळा पाते, किती वेळा दुसरे काही, याचा तक्ता करा.

दोन. गवताचा गुडघ्याएवढा ढीग करून त्याच्या मध्यभागी काठीला बांधलेला तापमापक सरकवा. रोज सकाळी व दुपारी चार दिवस नोंद घ्या. शेजारी पातळ पसरलेल्या गवताचेही तापमान घ्या आणि आलेख काढा.

तीन. फिक्या पिवळ्यापासून केशरीपर्यंत रंगांच्या कागदी पट्ट्या तयार करा. एका घरच्या कोंबडीला रोज मूठभर चिरलेला कोवळा हिरवा पाला द्या, दुसरीला नेहमीचे दाणे. दोन आठवडे प्रत्येक अंड्याचा बलक पट्टीशी ताडून पाहा. बदल कोणत्या दिवशी दिसू लागतो?

गाजरगवताने अनेकांच्या त्वचेला खाज सुटते, म्हणून गवत हाताळताना हात झाका आणि नंतर साबणाने धुवा.

चौथे काम आर्णीच्या शिक्षकांनी स्वतःच ठरवले. मुलांनी आपापल्या घरी गुरांना, शेळ्यांना आणि कोंबड्यांना घातले जाणारे गवत कोणत्या शेतातून येते, तेथे शेवटची फवारणी कधी झाली, हे विचारून यायचे आणि गावाच्या नकाशावर खूण करायची. निघताना आजींनी विचारले, "मंग या मैदानात येऊ देऊ का कोंबड्या?"

"इथं येऊ द्या, आजी," शिक्षक म्हणाले. "पण धुऱ्यावरचं गवत आणाल तर आधी शेजारी काय मारलं होतं ते विचारा."